तोरीगा, टुरिगा की टौरिगा?

मडगावच्या एका वाचकाने विचारलंय: वाइनच्या यादीत ‘टुरिगा नॅशनल’ वाचलं, ते मराठीत नीट कसं लिहायचं? आणि आपल्या गोव्याच्या पोर्ट वाइनमध्ये हेच द्राक्ष असतं का?

लिहावं ‘तोरीगा नासिओनाल’. ‘ओ’ आणि ‘यू’ ही रोमी अक्षरं जोडीने आली की पोर्तुगीज त्यांचा सरळ ‘ओ’ करतात. डिसोझांच्या आडनावात हीच जोडी असते; त्यांना आपण डिसौझा म्हणतो का? (डिसूझा म्हणतात काही जण, ती इंग्रजीची मेहेरबानी.) शिवाय पोर्तुगीज ‘त’ दंत्य. फीत, तुरुंग हे शब्द तिकडून येताना ‘त’ घेऊनच आले. बटाट्याची वाट तेवढी कुठे चुकली, कोण जाणे! ‘नॅशनल’ तर अजिबात नको. नावाचा अर्धा तुकडा इंग्रजीत करायचा, तर मग ‘राष्ट्रीय तोरीगा’च का नको?

ही काळी जात उत्तर पोर्तुगालातल्या दोरु खोऱ्यात आणि त्याच्या दक्षिणेला दांव भागात पिकते. मणी बारीक, साल जाड. रंग आणि तुरटपणा सालीतच असतो, म्हणून रस थोडा निघतो पण गडद. वेल मात्र बेलगाम माजतो, फुलगळ होते, माल कमी येतो. वजनावर पैसे मिळणारा बागायतदार तिच्या वाटेला जायला कचरतो. ही जात जिच्यात वापरतात त्या पोर्तुगालच्या पोर्टसाठी रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची कडक दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. पोर्टची गोडी ती. हल्ली तोरीगाची बिनगोड तांबडी वाइनही होते. 2021 मध्ये फ्रान्सने वाढत्या उष्म्यापायी बोर्दो या आपल्या वाइनच्या प्रांतातही तिला थोडी जागा दिली.

गोव्याच्या पोर्टचं गोत्र वेगळं. तिच्यात सहसा बंगलोर ब्लू, अमेरिकन वंशाचं आणि कर्नाटकातून येणारं. बोटांत दाबलं की गर सालीतून सुळकन निसटतो. इथे बाग लावायची म्हटली, तर आपल्या पावसात पानांवर केवडा हा बुरशीचा रोग ठरलेलाच. थोडक्यात, पोर्ट हे द्राक्षाचं नाव नाहीच. ते पोर्तु या शहरावरून आलं, आणि गोव्यात कुठल्याही गोड तांबड्या वाइनला चिकटलं.

तोरीगा पोर्तुगीजमध्येही स्त्रीलिंगी, तेव्हा ‘ती तोरीगा’. पोर्टचं म्हणाल तर ‘तो’, ‘ती’, ‘ते’ सगळंच कानावर येतं. मी वाइनच्या जोडीने ‘ती’ लिहितो.