गाडीच्या कारखान्यात संप, शिरोलीत ओटी बंद: मग मुलाने ही लाइनच सोडावी का?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये १९ वर्षं सीएनसी टर्निंगवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) असलेले पालक लिहितात, "आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या गाडीच्या कारखान्यात संप झाला. त्यांच्या भांडणाशी आमचा काही संबंध नाही, तरी पहिल्याच आठवड्यात आमची ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाली आणि नंतर तीन आठवडे अर्ध्या पगारावर बसवलं. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाकणला गाडीच्या कारखान्यात वर्षाची अप्रेंटिसशिप मिळतेय, कागल पंचतारांकित वसाहतीतली एक फौंड्री (लोखंडी ओतकामाचा कारखाना) क्वालिटीला ट्रेनी म्हणूनही घ्यायला तयार आहे. मी म्हणतो दोन्ही नको, ही लाइनच भरवशाची नाही, स्पर्धा परीक्षेला बस. धाकटी बारावी कॉमर्सला आहे, तिलाही या संपाच्या बातम्या वाचायचा नाद आहे. काय करावं?"

नमस्कार,

लाइन सोडायला लावू नका. संप तिकडे आणि चूल इकडे विझते, हा तुमचा अनुभव खराच आहे. पण संप होणारच. मोठ्या कारखान्यांत दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार संपतो आणि तेव्हा ताणाताणी ठरलेली असते. तुमच्या मुलाने पाहायचं ते हे, की धक्का येईल तेव्हा तो साखळीत कुठे उभा असेल आणि त्याच्या हातातलं काम दुसऱ्या दारात विकलं जाईल का.

आधी तुमच्याच पगाराचा हिशेब मांडू. समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १६,००० रुपये. २६ दिवसांनी भागले तर दिवसाला ६१५, तासाला ७७. ओटी दुप्पट दराने, म्हणजे तासाला १५४. महिन्याला ३० तास ओटी धरली तर साधारण ४,६०० रुपये. घरात येतात २०,६००, आणि घरातले हप्ते, शिकवणीची फी, किराणा सगळं या २०,६०० वर बेतलेलं असतं. संप झाला की ओटी पहिल्या दिवशी जाते. मग काम नाही म्हणून तीन आठवड्यांचा ले-ऑफ, म्हणजे कामाचे १८ दिवस अर्ध्या पगारावर: आणखी ५,५०० गेले. त्या महिन्यात हातात पडतात साडेदहा हजार. पीएफ आणि बाकी कपात यात धरलेली नाही. कागदावर पगार 'अर्धा' झाला तो १८ दिवसांपुरता, पण घरातलं महिन्याचं उत्पन्न खरोखरच निम्म्यावर आलं, आणि त्यातली जवळपास निम्मी घट ओटीची होती. मुलाला पहिल्या नोकरीपासून सांगा: हप्ता ठरवायचा तो बेसिकवर, ओटी धरून नाही.

ही अर्धी भरपाई म्हणजे मालकाची मेहरबानी नाही. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्या, हजेरीपटावरच्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांचा बेसिक आणि महागाई भत्ता निम्मा मिळतो. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. दोन गोष्टी मात्र लोक चुकवतात. ले-ऑफच्या काळात रोज ठरल्या वेळी गेटवर जाऊन हजेरी लावावी लागते. घरी बसून राहिलं तर त्या दिवसाची भरपाई बुडते. दुसरी अशी, की आपल्याच कारखान्याच्या दुसऱ्या विभागातल्या संपामुळे काम थांबलं तर भरपाई नाही. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात संप असेल तर ही अट लागत नाही. "संप आहे, त्यामुळे काही मिळणार नाही" असं कोणी म्हणालं तर संप कुणाच्या गेटवर आहे ते विचारायचं. बदली आणि कॅज्युअल कामगार या सगळ्याच्या बाहेर राहतात, आणि ठेकेदाराकडच्या फेटलिंग-ग्राइंडिंगच्या (ओतलेला भाग घासून साफ करणाऱ्या) पोरांना तर "उद्यापासून येऊ नको" एवढाच निरोप मिळतो.

आता शॉपच्या मालकाच्या बाजूने बघा, म्हणजे मुलाला कोणतं काम टिकतं ते कळेल. गाडीचा कारखाना सुट्या भागांचा साठा जेमतेम काही तासांचा किंवा काही दिवसांचा ठेवतो. तिथली लाइन थांबली की भाग पुरवणाऱ्या व्हेंडरच्या शेड्यूलवर (मागणीच्या तक्त्यावर) शून्य पडतं, आणि फौंड्रीत ओतलेलं, फेटलिंगला पडलेलं, मशीनिंग झालेलं असं तीन टप्प्यांवरचं कास्टिंग (ओतीव भाग) जागच्या जागी अडकतं. फर्नेसचं दुखणं वेगळंच. इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) थंड झाली की सिलिकाच्या लायनिंगला, म्हणजे आतल्या अस्तराला, बारीक भेगा पडतात. परत चालू करताना ती सावकाश तापवावी लागते. भेगा मोठ्या असतील तर लायनिंग फोडून नवं रॅमिंग आणि सिंटरिंग, म्हणजे नवं अस्तर ठोकून भरायचं आणि भाजून पक्कं करायचं. घाई केली तर वितळलेलं लोखंड भेगेतून भट्टी तापवणाऱ्या कॉइलपर्यंत पोचतं आणि लायनिंगबरोबर कॉइलही जाते. शिवाय वीजबिलातला डिमांड चार्ज युनिटवर नसतो, हीट (भट्टीचा एक घाणा) काढा न काढा, तो भरावाच लागतो.

"मग दुसरं गिऱ्हाईक का धरत नाहीत?" असं मुलं विचारतात. नवा पार्ट म्हणजे पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा साचा), गेटिंग (धातू आत जायची वाट) ठरवणं, ट्रायल, सँपल, मोजमापांचा अहवाल, पीपीएपी (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) आणि मग गिऱ्हाइकाची मंजुरी. सगळं सुरळीत झालं तरी काही महिने जातात. सहा आठवड्यांच्या संपात ते होत नाही. म्हणूनच संपाच्या काळात साचे करणारी मोल्डिंग लाइन बंद असते आणि पॅटर्न शॉप, डेव्हलपमेंट, मेंटेनन्स, सँड लॅब (साच्याच्या वाळूची तपासणी) इथे मात्र माणसं कामाला असतात. मालकाला तेवढीच उसंत मिळते.

पैशाचं चक्र आणखी उशिरा फिरतं. बिलाचे पैसे ४५-६० दिवसांनी येत असतील तर संपाच्या काळात बँकेत जुन्या बिलांचे पैसे येत राहतात. खरी चणचण संप मिटल्यावर. शेड्यूल दुप्पट येतं, रविवारीही हीट काढायच्या असतात, पण संपाच्या दिवसांत बिलच फाटलेलं नसल्याने स्क्रॅप आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) घ्यायला हातात रोकड नसते. संप मिटून महिना झाला तरी तुमचा पगार लांबला असेल, तर त्याचं कारण बहुधा हेच.

असे संप किती लांबतात? चाकणला बजाज ऑटोच्या प्रकल्पातला २०१३ चा संप ५० दिवस चालला. अमेरिकेत २०२३ मध्ये युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तिघांविरुद्ध पहिल्यांदाच एकाच वेळी संप केला. १५ सप्टेंबरला सुरू झाला तेव्हा वेन, वेंट्झव्हिल आणि टोलेडो हे तीनच कारखाने आणि सुमारे १३,००० कामगार बाहेर होते. मग टप्प्याटप्प्याने नेमके कारखाने निवडून वाढवत नेलं, सहा आठवड्यांत आकडा ४५,००० च्या घरात गेला. संपकऱ्यांना युनियनच्या निधीतून आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. आपल्याकडे असा निधी सहसा नसतो, काम नाही तर दाम नाही. शेवटी एप्रिल २०२८ पर्यंतच्या करारात २५ टक्के वाढ पदरात पडली. फोर्डने आपलं नुकसान १.७ अब्ज डॉलर सांगितलं, जनरल मोटर्सने १.१ अब्ज. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतल्या ज्या कामगारांना त्या काळात ले-ऑफ मिळाला, त्यांना त्या २५ टक्क्यांतला छदामही नाही. तुमची शिरोलीतली तक्रार डेट्रॉइटलाही तशीच आहे.

उलटंही घडतं. २००९ मध्ये गुरगावच्या रिको ऑटो या सुट्या भागांच्या कंपनीत संप झाला, तेव्हा भाग न पोचल्यामुळे फोर्डचा कॅनडातला ओकव्हिलचा कारखाना बंद ठेवावा लागला. गिऱ्हाईक असा चटका खाल्ल्यावर त्या पार्टसाठी दुसरा व्हेंडर उभा करतं, आणि एकदा वाटून गेलेलं शेड्यूल पुन्हा सगळं आपल्याकडे येत नाही.

एक खूण तुमच्या ओळखीची असेल. करार संपायच्या आधी एक-दोन महिने ओटी अचानक वाढते. कारखाना साठा करून ठेवत असतो. नव्या संहितेत संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे ही साठवणूक आता आणखी पद्धतशीर होणार. अशी ओटी आली की ती खर्चू नका, बाजूला टाका.

आता मुलाच्या दोन कागदांकडे येऊ.

चाकणच्या कागदावर आधी हे बघा: करार अप्रेंटिस कायद्याखाली, केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर नोंदलेला आहे, की ठेकेदाराच्या पत्रावर नुसतं 'ट्रेनी' लिहिलंय? फरक संपाच्या दिवशीच कळतो. नोंदणी असेल तर संप, टाळेबंदी किंवा ले-ऑफ झाला आणि त्यात अप्रेंटिसचा हात नसेल, तर नियमाप्रमाणे तेवढे दिवस त्याची मुदत वाढते आणि त्या काळातलं विद्यावेतनही, जास्तीत जास्त सहा महिने, मिळतं. संप त्याहून लांबणार असं दिसलं तर करार दुसऱ्या कारखान्याकडे वर्ग करण्याची सोय आहे. ठेकेदाराच्या ट्रेनीला यातलं काहीच नाही. नोंदणीकृत अप्रेंटिसला वर्षानंतर कायम करण्याचं बंधनही कारखान्यावर नाही, हेही लक्षात घ्या. आणि बाहेर संप चालू असताना अप्रेंटिसला थेट लाइनवर उभं करायचा मोह काही ठिकाणी होतो. तसं झालं तर मुलाने रोजची हजेरी आणि दिलेलं काम वहीत लिहावं, कोणत्याही बाजूच्या कोऱ्या कागदावर सही करू नये.

कागलच्या फौंड्रीबद्दल तीन गोष्टी काढा. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा विक्रीत वाटा किती? कंपनीने बँकेकडून मोठं कर्ज घेतलं असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर अशा संस्थांचा पतमानांकन अहवाल त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतो; एखाद्याच गिऱ्हाइकावर जास्त भार असेल तर त्यात तो बहुधा नोंदवलेला असतो. एकाच गिऱ्हाइकाचा वाटा निम्म्याच्या वर असेल तर सावध. ट्रॅक्टर, पंप-व्हॉल्व्ह, निर्यात अशी विभागणी असेल तर एका संपाने दार बंद होत नाही. दुसरी गोष्ट, कोणती कास्टिंग्ज? सिलिंडर हेड आणि ब्लॉक इंजिनावर अवलंबून आहेत. ब्रेक ड्रम, हब, सस्पेन्शनचे भाग इलेक्ट्रिक गाडीलाही लागतात. संप मिटतो, इंजिनाचा गेलेला पार्ट परत येत नाही, त्यामुळे मला स्वतःला संपापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

तिसरी आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे 'क्वालिटी' म्हणजे नक्की काय काम. फायनल इन्स्पेक्शनला गेज लावून रंगाचा ठिपका द्यायचा असेल तर वर्षाने हातात काही राहत नाही, आणि ले-ऑफच्या यादीत ते नाव वरच असतं. सँड लॅब आणि स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्रावर) बसवणार असतील तर हो म्हणा. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओल्या वाळूत) ओलावा साधारण तीन-साडेतीन टक्के ठेवायचा. तो वाढला की ब्लोहोल (वायूची पोकळी), घटला की वाळू सुटून कास्टिंगमध्ये अडकते. रिजेक्शनचा ढीग बघून यातलं काय चुकलं ते सांगणारा पोरगा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल कुठेही खपतो. त्याला सीएमएमवरचं (अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावरचं) मोजमाप आणि पीपीएपीची कागदपत्रं जोडली तर पुणे-बेळगावही खुलं. मुलाखतीत थेट विचारू दे: "पहिले सहा महिने मी कोणत्या टेबलावर?" उत्तर गोलमाल आलं तर चाकण बरं, अर्थात करार नोंदणीकृत असेल तर. तिथे भाड्यात विद्यावेतनाचा मोठा घास जाईल, हे धरून चला.

स्पर्धा परीक्षेला माझी ना नाही, पण त्याची स्वतःची ओढ असेल तरच, आणि नोकरी करत. संपाच्या धास्तीने डिप्लोमा गुंडाळून तीन वर्षं अभ्यासिकेत काढली तर तो पगाराविना घातलेला काळ तुमच्या तीन आठवड्यांपेक्षा फार लांब आहे.

धाकटीचा नाद मोडू नका. बीकॉम किंवा अर्थशास्त्रात बीए करून पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा कामगार कल्याणाचा अभ्यासक्रम घेता येतो. कोल्हापुरातच सायबर या संस्थेत एमएसडब्ल्यू आहे. कारखाना कायद्यात ५०० कामगारांना एक कल्याण अधिकारी लागायचा, नव्या सुरक्षा-आरोग्य संहितेत ती मर्यादा २५० वर आली आहे. म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांतही ही जागा तयार होते. सध्या तिला एक काम द्या: तुमच्या संपाआधीच्या, संपातल्या आणि नंतरच्या अशा चार पगार स्लिपा शेजारी ठेवून कोणता रकाना कधी आणि किती घटला ते मांडायला सांगा. ले-ऑफच्या दिवसांची भरपाई बरोबर धरली आहे का, हेही त्यात कळेल. कमी निघाली तर कार्मिक विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.