बाळाच्या आतड्यात जन्मतःच अडथळा का असतो? गर्भात पेशींचे कोणते संदेश चुकतात?

या अडथळ्याला अट्रेझिया म्हणतात: आतड्याची नळी मध्येच बंद किंवा तुटलेली असते. सगळ्यांचं कारण मात्र एक नाही.

1955 साली लाऊ आणि बर्नार्ड यांनी कुत्रीच्या गर्भातल्या पिल्लांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तोडला, तेव्हा नेमक्या तिथेच अट्रेझिया झाला. (हेच ख्रिस्तियान बर्नार्ड, 1967 मध्ये पहिलं मानवी हृदयरोपण करणारे.) लहान आतड्याच्या जठरापासून दूरच्या भागासाठी हे कारण आजही मानलं जातं.

जठराला लागून असलेल्या ड्युओडेनमची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आतड्याच्या भिंतीतल्या बाहेरच्या पेशी एफजीएफ-10 हे प्रथिन सोडतात. आतल्या अस्तरावरचा एफजीएफआर-2बी हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन) ते पकडतो आणि अस्तराला जगण्याचा, वाढण्याचा निरोप मिळतो. उंदरांत हा ग्राहक काढून टाकला तर ठरावीक जागचं अस्तर मरतं, त्यामागे नळीही आक्रसते. इथे रक्तपुरवठा आधी तुटलेला नसतो, म्हणून हा पुरावा मोलाचा.

सॉनिक हेजहॉग हा संदेश उलट दिशेने, अस्तराकडून बाहेर जातो. तो नसलेल्या उंदरांतही ड्युओडेनम अरुंद होतं.

माणसांत अनेक ठिकाणी अडथळे असलेल्या काही बाळांत टीटीसी-7ए जनुकात दोष सापडतो. सोबत प्रतिकारशक्तीही कमजोर असू शकते. ड्युओडेनमच्या अट्रेझियाचं डाउन सिंड्रोमशी (21वं गुणसूत्र जास्तीचं असण्याशी) नातं मात्र घट्ट आहे, त्यामुळे गुणसूत्रांची तपासणी सुचवली जाते. आईच्या खाण्यापिण्याला किंवा धावपळीला दोष देऊ नका.