गुत्त्यातली चिलटं आणि पाणी पिणारा ग्रंथपाल

प्रश्न : शब्दकोशात 'लिबर्टाइन'चा अर्थ लंपट, स्वैराचारी असा मिळतो. पण सतराव्या शतकातल्या फ्रेंच साहित्यावरच्या एका लेखात धर्मगुरू, ग्रंथपाल, राजपुत्राचे शिक्षक अशा मंडळींनाही लिबर्टाइन म्हटलेलं वाचलं. हे सगळे खरंच तसले होते का?

उत्तर : या शब्दाच्या गोतावळ्याने मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. फ्रेंच शिकत होते तेव्हा गी पातँ या पॅरिसच्या डॉक्टरचं १६४८ मधलं एक पत्र भाषांतराला आलं. ग्रंथपाल नोदे याने पातँला आणि तत्त्वज्ञ गासांदीला शहराबाहेर जाँतिईला जेवायला नि मुक्कामाला बोलावलं होतं, आणि तिथे 'देबोश' करायचा बेत होता. मी 'रंगेल मैफल' असं लिहून मोकळी झाले. बाई म्हणाल्या, "पुढची ओळ वाच." पुढे लिहिलं होतं की नोदे फक्त पाणी पितो, वाइन त्याने कधी चाखलेलीच नाही. गासांदीची प्रकृती इतकी नाजूक, की त्याची प्यायची छाती होत नाही. आणि पातँ स्वतः पितो, पण अगदी थोडी. तरी देबोश होणारच, फक्त तत्त्वज्ञानाची! मनाला छळणाऱ्या धर्मभीरू शंकांपासून सुटलेले आम्ही तिघं बहुधा गाभाऱ्याच्या अगदी जवळ जाऊन पोचू, असं तो लिहितो. वर्ग हसला. माझी वही लाल झाली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर 'नाही' असं आहे. पण मग हे नाव त्यांना चिकटलं कसं? लॅटिनमध्ये 'लिबर्टिनस' म्हणजे गुलामीतून सुटलेला. १५४५ मध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हँने एका पंथावर टीकेचं पुस्तक लिहिताना तो शब्द वापरला, शिवी म्हणूनच. खरा चिकटवणारा मात्र गारास हा जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) पाद्री. १६२३ मध्ये त्याने हजाराहून जास्त पानांचा एक ग्रंथ छापला आणि त्यात लिबर्टाइन लोकांना 'गुत्त्यातली चिलटं' म्हटलं, पोट हाच ज्यांचा देव अशी. एकीकडे दारूबाजी, दुसरीकडे अश्रद्धा, आणि दोन्ही एकाच दोरीत बांधलेल्या. (शिव्या देण्यात गारासचा हात धरणारा विरळा. मला तो वाचायला आवडतो, हे कबूल करते.)

त्याचं मुख्य सावज होतं थिओफिल द व्हिओ, त्या वेळचा अतिशय लोकप्रिय कवी. 'पार्नास सातिरिक' नावाचा चावट कवितांचा संग्रह बाहेर आला आणि त्यातल्या पहिल्याच सुनीतावर थिओफिलचं नाव छापलेलं होतं. त्यात गुप्तरोगाने झिजलेला एक माणूस देवापुढे पश्चात्ताप करतो, बरा झालो तर असं करीन म्हणून नवस बोलतो, आणि तो नवसच नव्या पापाचा असतो. नुसता चावटपणा असता तर एवढं बिघडलं नसतं असं मला वाटतं. इथे चावटपणाच्या खांद्यावर देवाची थट्टा बसली होती. ती कविता आपली नाही, असं थिओफिल शेवटपर्यंत सांगत राहिला.

ऑगस्ट १६२३ मध्ये पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, त्याला जिवंत जाळायची शिक्षा फर्मावली. तो हाती लागला नाही म्हणून त्याचा पुतळा जाळला. पुढच्याच महिन्यात तो पकडला गेला आणि जवळजवळ दोन वर्षं कोंसिएर्जरीच्या तुरुंगात पडून राहिला, फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीच्या मारेकऱ्याला ठेवलं होतं त्याच बुरुजात. उलटतपासणीत एकेक ओळ पुढे करून, याचा अर्थ काय, असं विचारलं जाई. कवीला यमकाचा जाब द्यावा लागला! अखेर १६२५ मध्ये शिक्षा हद्दपारीवर आली. पुढच्या वर्षी तो वारला, छत्तिसाव्या वर्षी.

यातून बाकीचे काय शिकले? जपून लिहायला. ला मोत ल व्हाये या लेखकाचे संशयवादी संवाद १६३०च्या सुमाराला छापले गेले, पण वर सगळं खोटं: लेखकाचं नाव ओराझियुस तुबेरो, गाव फ्रँकफुर्ट आणि साल १५०६! म्हणजे लेखकाच्या जन्माच्या ८२ वर्षं आधीचं. हाच गृहस्थ पुढे चौदाव्या लुईच्या धाकट्या भावाचा शिक्षक झाला. गासांदी तर धर्मगुरूच. त्याने एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याचे अणू पुन्हा मांडले, पण ते देवाने निर्माण केले असं सांगून. हे मनापासून होतं की पांघरूण, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर गासांदीचा देव खरा होता, ला मोतचा मात्र मला भरवसा नाही. पण 'सगळे नास्तिक' म्हणणं म्हणजे गारासचंच शिक्कामोर्तब पुन्हा करणं.

प्रश्न : सिरानो द बेर्जराक खरा माणूस होता का, की नाटकातलाच?

उत्तर : खरा. १६१९ ते १६५५. जन्म पॅरिसचा, नाटकात त्याला फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या गॅस्कनीचा केलंय, पण तिच्याशी नातं नाही. बेर्जराक ही त्याच्या घराण्याची पॅरिसजवळची जमीन. रोस्ताँचं सिरानोवरचं नाटक १८९७ चं, त्यातला प्रेमवीर बाजूला ठेवा आणि त्याची चंद्रावरची सफर वाचा. ती १६५७ मध्ये मित्र ल ब्रे याने छापली, पण धर्माला झोंबणारे भाग गाळून. गाळलेला मजकूर हस्तलिखितांत टिकला, म्हणून आज पूर्ण वाचता येतो. तेव्हा जुन्या आवृत्तीवरचं भाषांतर घेऊ नका.

या चंद्रावर खाणावळीचं बिल कवितेत चुकतं करतात. कोबीलाही बुद्धी असेल, असा युक्तिवाद तिथे गंभीरपणे होतो. आणि नाटकातल्या सिरानोचं ते प्रसिद्ध मोठं नाक? तिथे मोठं नाक हे चातुर्याचं लक्षण मानतात. वेळ विचारली तर माणूस तोंड उघडतो, नाकाची सावली दातांवर पडते आणि किती वाजले ते दिसतं.