‘बोर्डावरचे शतक’ : हा बोर्डा कोणता?

सुनील गावसकर यांचे पहिले कसोटी शतक १९७१ च्या मार्चमध्ये ‘बोर्डावर’ झाले, असे वाचल्यावर एका वाचकाने विचारले आहे की, हे बोर्ड म्हणजे धावफलक, क्रिकेट मंडळ की आणखी काही?

येथे ‘बोर्ड’ नाहीच. गयानाची राजधानी जॉर्जटाऊन हिच्यातील एका वस्तीचे, आणि त्यावरून तेथील मैदानाचे, नाव ‘बोर्डा’ आहे. गोंधळ मराठी सामान्यरूपाने केला आहे. ‘बोर्डाची परीक्षा’ किंवा ‘बोर्डावर धावा लागल्या’ यांत मूळ शब्द ‘बोर्ड’ असून विभक्तीपूर्वी त्याचा ‘बोर्डा’ होतो; मैदानाचे नाव मात्र मुळातच आकारान्त आहे. आग्र्याच्या चालीवर ‘बोर्ड्यावर’ म्हणता आले असते, पण परदेशी आकारान्त नावे आपण सहसा तशीच ठेवतो (कॅनडात, केनियात), आणि म्हणून दोन्ही रूपे एकच दिसतात. ‘बोर्डाची खेळपट्टी’ हा प्रयोग तर मला अगदीच धोक्याचा वाटतो, कारण वाचणाऱ्याला ती क्रिकेट मंडळाच्या मालकीचीच वाटणार.

हे नाव जोसेफ बोर्डा या मळेवाल्याचे. त्याच्या मळ्याच्या जमिनीवर शहर पसरले, एका भागाला त्याचे नाव चिकटले आणि तेथील बाजारही बोर्डा बाजार झाला. म्हणजे वानखेडे किंवा ब्रेबर्न यांच्याप्रमाणे हे गौरवार्थ दिलेले नाव नव्हे, ते वस्तीकडून मैदानाकडे आले. मैदान १८५८ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्जटाऊन क्रिकेट क्लबचे; पण क्लबचे लांबलचक नाव कोण घेत बसतो?

भरतीच्या वेळी शहराची जमीन समुद्रपातळीच्या खाली असते, त्यामुळे पाणी काढून देण्यासाठी मैदानाभोवती चर खणलेला आहे. तरीही पाऊस कधी कधी जिंकतोच: १९९० मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एकही चेंडू टाकला गेला नाही. याच मैदानावर १९३० च्या फेब्रुवारीत वेस्ट इंडीजने आपला पहिला कसोटी विजय मिळवला आणि जॉर्ज हेडली यांनी दोन्ही डावांत शतके (११४ व ११२) काढली. गावसकरांचे ते शतक ११६ धावांचे. दुसऱ्या डावात ते ६४ धावांवर नाबाद राहिले आणि सामना अनिर्णित सुटला. त्यांनी पदार्पण केले ते आधीच्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, जेथे भारताने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले. या दोन मैदानांची गल्लत गप्पांमध्ये बरेचदा होते.

लिहिताना ‘बोर्डा मैदानावर’ असे म्हटले की संदिग्धता उरत नाही. २००७ च्या विश्वचषकासाठी शहराबाहेर प्रॉव्हिडन्स येथे नवे स्टेडियम बांधल्यापासून गयानातील कसोट्या तिकडे गेल्या, आणि ‘प्रॉव्हिडन्सवर’ लिहिताना ही अडचणच येत नाही.