तुमचे प्रश्न: पंचाने बघायचं कुठे?

प्रश्न: ताई, मी शारीरिक शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला एका सांघिक आणि एका वैयक्तिक खेळाची पंचगिरी प्रात्यक्षिकाला आहे. व्हॉलीबॉलचे नियम तोंडपाठ आहेत, लेखी परीक्षेत मी चुकत नाही. पण सराव सामन्यात पंचाच्या स्टँडवर चढले की काहीच दिसेनासं होतं. रॅली संपते आणि सगळे माझ्याकडे बघत असतात. हे माझ्यात मुळातच नाही का?

उत्तर: ते ठरवायची वेळ अजून आलेलीच नाही. तू चेंडू बघते आहेस, एवढंच झालंय. इतकी वर्षं खेळताना आणि सामने बघताना तू चेंडूच बघत आलीस. त्यामुळे वर चढल्यावरही मान त्याच्याच मागे वळते.

चेंडू हाताला लागून गेला की मग त्याच्यामागे बघायची तुला गरज नाही. तो रेषेच्या आत पडला की बाहेर, हे सांगायला रेषापंच आहेत. सेटरच्या, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूच्या, हातून चेंडू सुटला की तुझी नजर जाळीच्या वरच्या पट्टीवर यायला हवी: फटका मारणाऱ्याचा हात, ब्लॉक करणाऱ्यांची, म्हणजे जाळीपाशी उडी मारून फटका अडवणाऱ्यांची, बोटं, जाळीला झालेला स्पर्श. चेंडू नजरेच्या कडेला दिसत राहतो, त्याची काळजी करू नकोस.

हे मी मोठी किंमत मोजून शिकले. पंचगिरीचं माझं दुसरं वर्ष होतं. पाचवा सेट, १३–१३. फटका बसला, चेंडू रेषेबाहेर पडलेला मला स्वच्छ दिसला आणि मी शिट्टी वाजवून ‘बाहेर’ दिला. तो ब्लॉकच्या बोटांना लागून गेला होता. कोपऱ्यातली रेषापंच झेंडा वर करून, त्याच्या टोकावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवून उभी होती. ‘स्पर्श झाला’ याची ती खूण. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. फटका मारणाऱ्या संघाचा पुढचाही गुण गेला आणि त्या मुली हरल्या. सामन्यानंतर ती रेषापंच मला म्हणाली, “माझ्याकडे एकदा तरी बघायचंस ना.” आज पंचवीस वर्षांनंतरही ते वाक्य मला ऐकू येतं.

म्हणून सवय अशी लाव. मैदानाच्या कडेला बसून कुठलाही सामना बघ आणि दहा मिनिटं फक्त जाळी बघायची, असं ठरव. गुण कुणाला मिळाला हे कळलं नाही तरी चालेल. पुढची दहा मिनिटं समोरून येणारी सर्व्हिस घेणाऱ्या संघाची रोटेशन, म्हणजे खेळाडूंच्या जागांचा ठरलेला क्रम, बघ. प्रत्यक्ष सामन्यात ते काम स्टँडच्या समोर खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचाचं असतं, म्हणून सुरुवातीला दुसरा पंच म्हणून उभं राहायला माग. तिथून जाळीखालचे पाय आणि मधली रेषाही जवळून दिसते.

खुणांचा सराव आरशासमोर कर. आधी शिट्टी, मग पुढची सर्व्हिस ज्या संघाची त्या बाजूला हात, मग चूक काय झाली त्याची खूण. चूक झाली की शिट्टी लगेच वाजवायची, पण हात उचलण्याआधी एक श्वास घेऊन दोन्ही रेषापंचांकडे आणि समोरच्या पंचाकडे नजर टाकायची. तो श्वास कुणालाही उशीर वाटत नाही.

प्रश्न: मी पूर्वी धावायचो, आता वैयक्तिक खेळाचा पंच व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: शर्यतीच्या वेळाधिकाऱ्यापासून करा. काम किरकोळ वाटतं, पण लक्ष एका जागी बांधून ठेवायला याच्याइतकं चांगलं शिक्षण मला दुसरं माहीत नाही.

१०० मीटरच्या शर्यतीत तुम्ही अंतिम रेषेपाशी असता. पिस्तुलाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. म्हणून घड्याळ सुरू करायचं ते धूर किंवा ठिणगी दिसल्याबरोबर, आवाजावर नाही. थांबवायचं धावपटूचं धड रेषेवर आल्यावर. डोकं, हात, पाय धरायचे नाहीत. हातघड्याळाची वेळ नेहमी पुढच्या दशांशावर नेतात: ११.३२ दिसले तर नोंद ११.४. एकाच धावपटूवर तीन घड्याळं असतील आणि दोन जुळली तर तीच वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली.

शेजारच्याचं घड्याळ मात्र बघू नका आणि आपलं त्याला दाखवू नका. नियमच तसा आहे. दोघांनी आधी बोलून वेळ जुळवली की तीन घड्याळं ठेवण्याचा उपयोगच उरत नाही, आणि त्यात नुकसान होतं ते वर्षभर राबलेल्या धावपटूचं.

प्रश्न: निर्णय चुकला हे लगेच लक्षात आलं तर बदलावा का? की बदलल्याने पंचाचा धाक जातो?

उत्तर: बदलावा, नियम परवानगी देतो तोवर. फुटबॉलमध्ये खेळ पुन्हा सुरू होण्याआधी पंच आपला निर्णय बदलू शकतो. एकदा सुरू झाला की नाही. प्रत्येक खेळात ही हद्द वेगळी असते, आपल्या खेळातली नक्की कुठे आहे ते आधी पक्कं करून ठेवा. मग शिट्टी वाजवा, दोन्ही कर्णधारांना एका वाक्यात सांगा, खेळ सुरू करा. लांबलचक खुलासा नको.

भरपाई म्हणून पुढचा निर्णय दुसऱ्या संघाच्या बाजूने देणं, हे मात्र कधीही करू नका. मी चांगल्या पंचांना हे करताना पाहिलंय आणि मला त्याचा फार राग येतो. एका चुकीच्या दोन चुका होतात, आणि दुसरी जाणूनबुजून केलेली असते.

दिसलंच नसेल तर? बॅडमिंटनमध्ये रेषापंचाला त्यासाठी खूण दिली आहे: दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. मग मुख्य पंच ठरवतो, आणि त्यालाही ठरवता आलं नाही तर ‘लेट’ देऊन रॅली पुन्हा खेळवतात. नवे रेषापंच ही खूण करायला लाजतात, अंदाजाने हात पसरून ‘आउट’ म्हणून मोकळे होतात. प्रशिक्षण वर्गात मी पहिल्या दिवशी सगळ्यांकडून हीच खूण दहा वेळा करून घेते.

प्रश्न: शिट्टी कोणती घ्यावी?

उत्तर: आत मणी नसलेली. मण्याची शिट्टी ओलावा किंवा कचरा अडकून ऐन वेळी गप्प बसते. कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांना हाच अनुभव आला, म्हणून त्यांनी बिनमण्याची शिट्टी करवून घेतली आणि १९८७ साली ती वापरात आली. दोन घ्या, दुसरी खिशात असू द्या.