एप्रिल-मेमध्ये कुंडीतला सांबार (कोथिंबीर) वीतभर होण्याआधीच फुलावर येतो, काय करावं?

एकदा फुलाचा दांडा निघाला की काही करता येत नाही. तो सांबार उपटून भाजीत टाका आणि सावलीत नव्याने पेरा. हे थंडीचं पीक आहे. पारा तिशीपार गेला की उगवण घटते आणि रोप पानं सोडून बियांच्या मागे लागतं. नागपूरचा मे तर ४५ पर्यंत जातो. खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

तरी उन्हाळ्यात हवाच असेल तर कुंडी गच्चीवरून खाली आणा, पूर्वेच्या बाल्कनीत हिरव्या नेटखाली ठेवा. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरे. धणे वाटीच्या बुडाने हलके रगडून दोन फाका करा (चुरा नको), रात्रभर भिजवा, सेंटीमीटरभर खोल पेरा. थेट कुंडीतच पेरायचं, कारण याचं सोटमूळ दुखावलं की रोप आणखी लवकर फुलावर जातं. कुंडी ८ इंच खोल हवी. नुसती काळी माती वाळली की भेगाळते, भिजली की चिखल धरते. तिच्यात तेवढंच शेणखत आणि तेवढीच रेती मिसळा. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी घालू नका: बाष्पीभवनाने त्यात क्षार साचतात, पानांच्या कडा जळतात.

मात्र नवतपात (मे अखेर ते जूनच्या सुरुवातीचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) पेरूच नका. बाकी उन्हाळ्यातही जुडीची आशा नाही, पोह्यांवर भुरभुरण्यापुरता मिळेल. चार-पाच इंचांवरच कापत जा.