आधी उताराचा हिशेब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज दोनदा वाचला. फिक्सी घेतलीस, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलही फिरतच राहणारी सायकल, याचा आनंद आहे. पुढचा ब्रेक काढला की सायकल सुटसुटीत, देखणी दिसते हेही मला मान्य आहे. तरी तो काढू नकोस. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, पण तो पाना आत्ता खाली ठेव.

बिनब्रेकची फिक्सी मुळात वेलोड्रोमची, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकची. पुण्यात बालेवाडीला गेलास तर बघ, तिथं कुणाच्याच सायकलला ब्रेक नसतो आणि तेच बरोबर आहे. सगळे एकाच दिशेनं पळतात, अचानक कुणी थांबत नाही, आडवी रिक्षा येत नाही, म्हशी रस्ता ओलांडत नाहीत. सपाट शहरातली पोरंही नुसत्या पायाच्या जोरावर सायकल थांबवतात, ते व्हिडिओ मीही बघितलेत. आपल्या कोल्हापुरात दोन्ही नाही. आपल्याकडं उतार आहे.

उतारावर काय होतं ते नीट समजून घे. सायकल पुढं झुकलेली असते, त्यामुळं तुझं वजन आधीच पुढच्या चाकाकडं सरकलेलं असतं. त्यात तू पायडल मागं दाबून वेग तोडायला गेलास की उरलंसुरलं वजनही पुढं जातं आणि मागचं चाक हलकं पडतं. हलकं पडलेलं चाक रस्ता धरत नाही, घसरत जातं. सपाट कोरड्या रस्त्यावरसुद्धा नुसत्या मागच्या चाकानं थांबायला पुढच्या ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. जोतिबाच्या वळणावर तेवढं अंतर तुला मिळणार नाही. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते, म्हणून ब्रेक एकच ठेवायचा असेल तर तो पुढचाच.

आता दातांचं बघू. तू लिहिलंस की पुढं 48 आणि मागं 16 दात आहेत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे, आणि सायकल सव्वासहा मीटरच्या आसपास पुढं जाते. रंकाळ्याच्या कडेनं सकाळी फिरायला हे झकास आहे. चढाला मात्र ताशी 9 किलोमीटरनं चाललास तर मिनिटाला जेमतेम 24 फेरे पडतील, आणि प्रत्येक फेऱ्यात सगळा भार गुडघ्यावर. तुझं वय आहे, महिनाभर काही जाणवणार नाही. गुडघा उशिरा बोलतो.

या गिअरमध्ये आणखी एक खोट आहे, ती कुणी सांगत नाही. 48 ला 16 नं पूर्ण भाग जातो. त्यामुळं तू पाय अडवून चाक घसरवलंस की टायर दर वेळी नेमका त्याच जागी घासतो. बाकी टायर नवाकोरा आणि एका ठिकाणी आतले धागे वर आलेले, असं होतं. मागं 17 किंवा 19 दात असले की भाग जात नाही आणि झीज तितक्याच जागांवर वाटली जाते.

माझं मत विचारशील तर मागं 19 टाक. पुढची चकती तीच राहू दे. एका फेऱ्याला 5.3 मीटर पडतील. काही जण तुला उलटं सांगतील की जड गिअर ठेव, नाहीतर उतारावर पाय गरगर फिरतात. गरगर फिरतात हे खरंच आहे. ताशी 40 च्या वेगाला 48-19 वर मिनिटाला सव्वाशे फेरे होतात आणि बूड सीटवर उडायला लागतं. पण यावर उपाय जड गिअरचा नाही, 40 च्या वेगानं न उतरण्याचा आहे. हलक्या गिअरमध्ये मागं दाबलेल्या पायाला चाक जास्त ऐकतं. जड गिअरमध्ये चाकच पाय ओढून नेतं. म्हणून या भागात दात ठरवताना आधी उताराचा हिशेब मांडायचा. चढ दमवेल, फार तर उतरून ढकलायला लावेल. उतार तेवढ्यावर सोडत नाही.

उतरताना वेग 30 च्या आत ठेव. 48-19 ला 30 म्हणजे मिनिटाला 95 च्या आसपास फेरे, तेवढे तुझे पाय आरामात फिरवतील. उताराच्या तोंडालाच, वेग चढायच्या आधी, पायांनी मागं हलका दाब द्यायला सुरुवात कर आणि बोटं ब्रेकवर ठेव. एकदा वेगानं पायांचा ताबा घेतला की तो पायांनी परत मिळत नाही, तेव्हा ब्रेकच दाबावा लागतो. आणि काहीही झालं तरी पाय पायडलवरून सोडायचे नाहीत. सुटलेली पायडलं खाली फिरत राहतात, पोटरीवर आणि घोट्यावर बसतात, आणि तुझा मागचा ब्रेक गेलेला असतो. म्हणून पायडलवर बुटाचं टोक धरणारी क्लिप आणि पट्टा हवाच. पट्टा इतका आवळ की पाय वर ओढला तरी निघू नये, पण मागं ओढला की निघावा. बुटाच्या नाडीचं टोक आत खोच. नाडी क्रँकमध्ये, म्हणजे पायडलच्या दांड्यात, गुंतली तर ही सायकल थांबून वाट बघत नाही.

वळणावर आणखी एक गोष्ट. साध्या सायकलवर आतलं पायडल वर धरून वळता येतं, इथं पाय थांबतच नाहीत. जास्त कललास तर आतलं पायडल रस्त्याला टेकतं आणि मागचं चाक उचललं जातं. वळणाच्या आधी वेग कमी कर, सायकल उभी ठेव आणि अंग आत टाक. क्रँक 170 मिलिमीटरचा असेल आणि पुढं कधी बदलायची वेळ आली तर 165 चा घे. पाच मिलिमीटर कागदावर काहीच नाही, वळणावर कळतं.

हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याबद्दल, तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मीच विचारतो. तुझ्या मागच्या हबला लॉकरिंग, म्हणजे कॉग जागेवर धरणारी कडी, आहे ना? कॉग, म्हणजे मागची दातेरी चकती, ज्या आट्यांवर बसतो ते नेहमीचे, आणि त्याच्या बाहेर लॉकरिंगचे आटे उलटे असतात. तू पाय मागं दाबतोस तेव्हा कॉग सुटायला बघतो आणि फिरता फिरता लॉकरिंगला आवळत जातो. सगळी मेख या उलट्या आट्यांत आहे. तुझ्या त्या दोस्ताचं मला कळलंय, तो जुन्या सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी मागची चकती, वेल्डिंगनं जाम करून फिक्सी बनवणार आहे. त्याला माझं नाव सांगून थांबव. उद्यमनगरात असं वेल्डिंग दहा मिनिटांत होतं आणि मजबूतही होतं, प्रश्न वेल्डिंगचा नाहीच. त्या हबला उलटे आटेच नाहीत. पुढं पायडल मारलं की फ्रीव्हील आवळत जाणार, पण नेमकं उतारावर मागं दाबलं की सुटणार. ज्या घडीला गरज, त्याच घडीला पाय हवेत फिरणार. त्याला सांग, पैसे साठव आणि फिक्सीचं हब असलेलं चाक घे, तोवर आहे ती सायकल फ्रीव्हीलवर चालव.

दोन्ही बाजूंना आटे असलेलं हब मिळालं तर त्याहून उत्तम. एका बाजूला 19 चा कॉग, दुसऱ्या बाजूला 20-22 दातांचं फ्रीव्हील. डोंगराच्या पायथ्याशी चाक काढायचं, फिरवून बसवायचं. फ्रीव्हीलवर उतरणार असशील तर मागचाही ब्रेक हवा, कारण तिथं पायांचा ब्रेक नसतो. यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या यंत्राला, परवानगीच नव्हती. भलेभले शर्यतवीर घाटाखाली उतरायचे आणि मागचं चाक उलटं करून हलक्या गिअरवर वर चढायचे. तुझ्याकडं पंधराचा पाना तेवढा हवा, तो सीटखालीच बांधून ठेव. चाक परत बसवताना चेन वर-खाली अर्धा इंच हलेल इतकी ढिली ठेव. त्याहून ढिली असेल तर उतरू शकते, आणि फिक्सीची चेन उतरली म्हणजे चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं.

चढाची मला फारशी काळजी नाही. फिक्सी चढाला लोक समजतात त्यापेक्षा चांगली चालते. पायडल वर-खाली सरळ रेषेत आलं की पायाचा जोर संपतो, तिथं फिरतं चाकच पाय पुढं काढून देतं. फक्त लय तुटू द्यायची नाही. लय तुटतेय असं वाटलं की सीटवरून उठ, हँडल पकड, आणि कुस्तीत जसं समोरच्याला नुसत्या दंडानं न ओढता अंगाच्या वजनानं ओढतात तसं सगळं अंग पायडलवर टाक. तरी नाही जमलं तर उतर आणि चालत जा. नागमोडी चढू नकोस, मागून वडापची जीप येत असते.

रस्ते या क्रमानं घे. आधी रंकाळा, सकाळी लवकर, फिरणाऱ्यांना अंतर देऊन. मग राजारामपुरीतून विद्यापीठाकडं. हा चढ डोळ्याला किरकोळ दिसतो, पण फिक्सीवर तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते तुझे पाय सांगतील. याच रस्त्यानं परत उतरताना मागं दाबायची सवय कर. तो हातचा मळ झाला की टेंबलाईची टेकडी. त्यानंतर शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत जाऊन परत ये, आणि तेही पुरेसं झालं की केर्लीवरून जोतिबा. पन्हाळा सगळ्यात शेवटी. अंतर 20 किलोमीटरच, पण गड शहरापेक्षा सुमारे 400 मीटर उंच आहे आणि त्यातली बहुतेक उंची केर्लीच्या पुढं आहे. जितकं चढशील तितकंच उतरायचंय, आणि तेही थकलेल्या पायांनी, हे निघतानाच लक्षात घे.

पावसाळ्यात पन्हाळ्याला फिक्सी नेऊ नकोस. धुकं असतं, कडेला शेवाळ असतं, आणि ओल्या रिमवर ब्रेक पहिल्या दाबाला धरत नाही. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात. त्यांच्या मागं वारा लागत नाही म्हणून चिकटायचा मोह होतो, तो टाळ. ट्रॉलीतून कांडकी पडतात आणि तू पाय थांबवून त्यांवरून सरकू शकत नाहीस. चैत्र यात्रेच्या दिवसांत जोतिबाचा रस्ता माणसांचा असतो. त्या दिवशी चालतच जा.

आणि हे मी बजावून सांगतो. चेन पुसायची असेल तर मागचं चाक फिरत असताना फडकं लावायचं नाही. कधीच नाही. साध्या सायकलमध्ये बोट अडकलं तर चेन थांबते. फिक्सीत चाकाचा सगळा जोर चेनमागं असतो, ती बोट कॉगमध्ये ओढून घेते आणि तुकडा पाडून पुढं जाते. चाक थांबव, वीतभर चेन पूस, हात काढ, चाक फिरव, पुन्हा थांबव. वेळ लागतो, लागू दे.

19 चा एक कॉग माझ्याकडं पडून आहे. येत्या रविवारी सकाळी सायकल घेऊन दुकानात ये, हेल्मेट घालून ये. लॉकरिंगचा पाना माझ्याकडं आहे. कॉग बसवू, पुढच्या ब्रेकची रबरं बघू, आणि त्या दोस्तालाही बरोबर आण.

तुझा,
काका